इंग्लंडातल्या चर्चच्या आवारातला जुना क्रूस: खालून वर कसा वाचायचा, मोजायचा आणि नोंदवायचा

मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने इंग्लंडला राहायला जाणाऱ्या बडोदेकरांचं लंडन आठवड्याभरात पाहून होतं. पुढचे दिवस आसपासच्या गावांत फिरण्यात जातात. तिथल्या जुन्या गावात दगडी चर्च असतंच, त्याला लागून दफनभूमीचं आवार असतं, आणि काही आवारांत दक्षिणेच्या बाजूला पायऱ्यांच्या चौथऱ्यावर एक दगडी खांब उभा असतो. बऱ्याचदा त्याचा वरचा भाग उडालेला असतो, त्यामुळे मोडका खांब समजून लोक पुढे जातात. तो मध्ययुगातला क्रूस असू शकतो. एक दुपार, एक फीत आणि एक वही एवढ्यावर त्याची उपयोगी पडेल अशी नोंद करता येते. ती कशी करायची ते इथे सांगितलं आहे.

मुख्य नियम आधीच सांगतो: क्रूस खालून वर वाचायचा. नजर सहज शेंड्याकडे जाते, पण शेंडाच सगळ्यात जास्त वेळा फोडला आणि बदलला गेलेला असतो. खरं वय पायथ्याशी सापडतं.

तो तिथे का आहे

इंग्लंडात सामान्य माणसाच्या थडग्यावर नावाचा दगड उभारण्याची रीत मुख्यतः १७व्या शतकापासूनची. त्याआधी आवारात पुरलेल्या बहुतेकांची वेगळी खूण नसे. सगळ्यांसाठी मिळून हा एक क्रूस. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक चर्चबाहेर पडून आवारातल्या क्रूसापाशी थांबे. म्हणून तो बहुधा दक्षिणेला, दाराकडे जाणाऱ्या वाटेच्या आसपास सापडतो. उत्तरेला सापडला तर तो हलवलेला तर नाही ना, ही शंका वहीत लिहून ठेवा.

१६व्या शतकात धर्मसुधारणेची, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाची, लाट आली आणि मूर्ती, क्रूस यांच्यावर घाव पडू लागले. २८ ऑगस्ट १६४३ला पार्लमेंटने चर्चमधले आणि चर्चच्या आवारांतले क्रूस व मूर्ती काढून टाकण्याचा हुकूम काढला. वरचे भाग फुटले, पण जड चौथरे आणि खांबांचे बुंधे पुष्कळ ठिकाणी राहिले. उरलेल्या काही खांबांवर पुढे सूर्यघड्याळं बसली. १९व्या शतकात चर्चांच्या दुरुस्त्या झाल्या तेव्हा जुन्या खांबांवर नवे शिरोभाग चढले, आणि पहिल्या महायुद्धानंतर काही क्रूस गावातल्या मृत सैनिकांची स्मारकं झाले. एकाच क्रूसात तीन-चार शतकांचं काम एकावर एक रचलेलं असतं, ते असं.

जाण्याआधी बडोद्यात सराव

परक्या गावात पावसात उभं राहून पहिल्यांदा फीत धरू नका. आपल्या सोसायटीच्या फाटकाचा खांब घ्या. तो ग्राफ पेपरवर १:१० या प्रमाणात काढा, म्हणजे प्रत्यक्षातले १० सेंटिमीटर कागदावर १ सेंटिमीटर. मग खाली सांगितलेल्या फोटोच्या पद्धतीने त्याची उंची काढा आणि फितीने ताडून पाहा. दोन्हींत तीन टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुन्हा करा.

दुसरा सराव चांपानेरला. बडोद्याहून सुमारे ५० किलोमीटरवर असल्यामुळे एका दिवसात होतो. जामी मशिदीच्या झिजलेल्या कोरीव वालुकाश्माचा एकच भाग सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोबाइलवर टिपा. समोरून ऊन पडतं तेव्हा नक्षी सपाट होते, कडेने घासून जाणाऱ्या उन्हात उठून दिसते. हे एकदा डोळ्यांना कळलं की इंग्लंडातलं अर्धं काम झालं. तिपाई मात्र नेऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तिला परवानगी लागते.

सामान थोडकंच: कापडी किंवा फायबरची फीत (पोलादी पट्टीच्या कडेने दगडावर ओरखडा उठतो), १० सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवलेली १ मीटरची लाकडी पट्टी, ग्राफ पेपर, टूएच पेन्सिल, होकायंत्र, छोटी टॉर्च, खिशातला आरसा आणि काळी छत्री. पेन नको. रिमझिम पावसात शाई पसरते आणि घरी आल्यावर ३ आणि ८ यांतला फरक कळत नाही.

पायथ्यापासून शेंड्यापर्यंत

सुरुवात चौथऱ्याच्या पायऱ्यांपासून. त्या चौकोनी, अष्टकोनी किंवा क्वचित गोल असतात. मोजताना ‘तीन पायऱ्या’ असं न लिहिता ‘दिसणाऱ्या तीन पायऱ्या’ असं लिहा. शतकानुशतकं दफन होत राहिल्याने आवाराची जमीन वर येते आणि सगळ्यात खालची पायरी गवताखाली जाते. गवत उकरून खात्री करण्याचा मोह टाळा, खणायला तिथे परवानगी लागते. प्रत्येक पायरीची उंची, रुंदी आणि सांध्यांची जागा टिपा. सांधे फाकलेले असतील तर दोन कारणं शोधा: जवळच्या झाडाची मुळं, किंवा दगड जोडणाऱ्या लोखंडी पकडी. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. सांध्याजवळ तपकिरी ओघळ आणि बाहेर ढकललेली कपची दिसली तर कारण बहुतेक तेच.

पायऱ्यांवर बसतो खोबणीचा दगड, म्हणजे ज्याच्या खाचेत खांब रोवलेला असतो तो. आमच्या मते सगळ्या क्रूसात जास्तीत जास्त वेळ द्यावा असा भाग हाच, कारण तो जड असल्यामुळे कोणी हलवला नाही आणि त्यावर मूर्ती नसल्यामुळे बहुधा कोणी फोडलाही नाही. १४व्या-१५व्या शतकातला खोबणीचा दगड पुष्कळदा तळाशी चौरस आणि वर अष्टकोनी असतो. चार कोपरे तिरके उतरते छाटून हा बदल साधलेला असतो. चारही बाजू फिरून पाहा. हेरफर्डशायरमध्ये कित्येक दगडांच्या पश्चिम बाजूला छोटा कोनाडा कोरलेला आढळतो. त्याची रुंदी, उंची, खोली आणि वरची कमान टोकदार आहे की गोल, हे लिहा. माथ्यावर खांबाभोवती करड्या धातूची कड दिसली तर ते शिसं. खांबाच्या तळाशी राखलेला निमुळता ठोकळा खोबणीत उतरवून भोवती वितळलेलं शिसं ओतत. शिसं नीट भरलेलं असेल तर खांब मूळ जागी असण्याची शक्यता वाढते. तिथे करडं सिमेंट असेल तर खांब पुन्हा बसवलेला आहे, किंवा निदान सांधा अलीकडे भरलेला आहे.

सिमेंट दिसलं की आजूबाजूचा दगड जवळून पाहाच. चुनखडी आणि वालुकाश्म पाणी शोषतात आणि सोडतात. चुन्याच्या सांध्यातून ते पाणी बाहेर पडतं. सिमेंटचा सांधा घट्ट असतो, त्यामुळे ओल दगडातून बाहेर येते, हिवाळ्यात गोठते, पसरते आणि सांध्यालगत दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत आणि दगड खंगलेला, असं उलटं दृश्य दिसतं.

मग खांब. उत्तर-मध्ययुगीन खांब तळाशी चौरस असतो, थोड्या उंचीवर कोपरे छाटून अष्टकोनी होतो आणि वर जाताना बारीक होत जातो. चौरसाचा अष्टकोन जिथे होतो ती जागा मोठी करून वेगळी काढा. तळाजवळची रुंदी चारही बाजूंना मोजा. दोन बाजूंत फरक आला तर तो झिजेमुळे आहे की मुळातच खांब आयताकृती आहे, ते कडांवरून ठरवा. खांबात मध्येच आडवा सांधा असेल तर त्याच्या वरचा आणि खालचा दगड ताडून पाहा: रंग, कण, कडांची धार, हत्याराच्या खुणा आणि त्यावर वाढलेलं दगडफूल. खालच्या दगडावर करड्या-पिवळ्या दगडफुलाचे मोठे जुने डाग, वरचा जवळपास स्वच्छ आणि कडा धारदार, म्हणजे वरचा तुकडा नंतरचा. पण एकाच खुणेवर विसंबू नका. झाडाखालच्या ओल्या सावलीत नव्या दगडावरही लवकर वाढ होते, आणि घासून साफ केलेला जुना दगड नवा वाटतो. तीन खुणा जुळल्या तरच ‘बदललेला’ असं लिहा, नाहीतर पुढे प्रश्नचिन्ह टाका.

शेवटी शिरोभाग. मूळचा टिकला असेल तर तुम्ही भाग्यवान. चांगल्या शिरोभागात छोट्या छताखाली कोनाडे असतात: एका रुंद बाजूला क्रूसावरचा ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला बाळ येशूला घेतलेली मरिया, अरुंद बाजूंना संत. ग्लॉस्टरशायरमधल्या अँपनी क्रूसिस गावच्या क्रूसाचा १५व्या शतकातला असा शिरोभाग चर्चच्याच भिंतीत चिणलेला होता. १९व्या शतकात तो सापडला आणि पुन्हा खांबावर बसवला गेला. कोनाड्यांची नक्षी त्यामुळेच वाचली. स्विंडनजवळच्या क्रिकलेडमध्ये सेंट मेरी चर्चच्या आवारातही कोनाड्यांचा शिरोभाग असलेला १४व्या शतकातला क्रूस उभा आहे. मूर्तीविना साधा, धारदार कडांचा क्रूस जुन्या खांबावर दिसला तर तो बहुधा १९व्या शतकातला. खांबाच्या माथ्यावर चौकोनी ठोकळा आणि त्यात धातूची पट्टी किंवा तिची खाच असेल तर ते सूर्यघड्याळ.

हा क्रूस त्या काळचाच का

अष्टकोनी निमुळता खांब आणि पायऱ्या हे मुख्यतः १४व्या-१५व्या शतकाचं लक्षण. गुंफलेल्या पट्ट्या, वेलबुट्टी आणि पशू-मानवी आकृत्यांनी अंगभर कोरलेला खांब दिसला तर तो याहून पुष्कळ जुना, नॉर्मन लोक १०६६मध्ये येण्याआधीचा असण्याची शक्यता आहे. असे उत्तरेकडे जास्त. कंब्रियातल्या गॉसफर्थचा १०व्या शतकातला क्रूस तांबड्या वालुकाश्माचा, सुमारे ४.४ मीटर उंच. त्याचा खांब खाली गोल आणि वर चौकोनी आहे, आणि त्यावर ख्रिस्ताच्या क्रूसारोहणासोबत नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या, देवकथाही कोरल्या आहेत. त्याच परगण्यातल्या ब्यूकासलचा खांब आणखी जुना. त्याचा शिरोभाग हरवला आहे, पण अंगावर रूनिक या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतला लेख आणि सूर्यघड्याळ आहे. कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइटचे, चाकासारख्या गोल माथ्याचे क्रूस भेटतात. त्यांतले कित्येक मूळचे वाटेवरचे, नंतर सुरक्षेसाठी आवारात आणलेले, म्हणून तिथे ‘मूळ जागी’ असं लिहायची घाई करू नका.

सगळ्यात जास्त फसवतं ते युद्धस्मारक. १९१८नंतरची बरीच स्मारकं मुद्दाम मध्ययुगीन घडणीची केली गेली: पायऱ्या, अष्टकोनी खांब, सगळं तेच. नावांची यादी आणि १९१४ हे साल शोधा. ते सापडलं तरी काम संपत नाही, कारण चौथरा जुना आणि खांब नवा असंही असतं. पुन्हा खोबणीच्या दगडाकडे या.

ऊन कुठून येतं

इथे बडोद्याची सवय विसरावी लागते. आपल्याकडे जूनच्या भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. दक्षिण इंग्लंडात जूनमध्येही तो क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांच्या वर चढत नाही, आणि डिसेंबरात दुपारी जेमतेम १५ अंश. तिथे ऊन बराच वेळ तिरपं येतं, आणि कोरीव दगड पाहणाऱ्याला हीच मोठी सोय आहे.

उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, त्यामुळे सूर्याची खरी दुपार एकच्या सुमारास, थोडी नंतरच होते. क्रूसाची पूर्व बाजू साडेबारा ते एकच्या दरम्यान पाहा. ऊन तिला घासून जात असतं. पश्चिम बाजू सव्वा ते पावणेदोन. दक्षिण बाजूला मध्यान्ही समोरून ऊन पडतं आणि सगळं सपाट दिसतं, म्हणून जूनमध्ये तिच्यासाठी साडेआठनंतर लगेच किंवा संध्याकाळी साडेपाचच्या आसपास जा. उत्तर बाजूला जूनमध्ये फक्त साडेआठच्या आधी आणि पावणेसहानंतर ऊन मिळतं, हिवाळ्यात मुळीच नाही. सप्टेंबर ते मार्च तिथे आरसा वापरा: उन्हात उभं राहून कवडसा दगडावर जवळजवळ समांतर टाका, दुसऱ्याने फोटो घ्यावा.

ढगाळ दिवशी टॉर्च. दगडापासून हातभर अंतरावर, पृष्ठभागाशी १० ते १५ अंशांच्या कोनात धरा आणि काळ्या छत्रीने बाकीचा उजेड अडवा. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून. उभी रेघ वरून टाकलेल्या उजेडात नाहीशी होते आणि आडवी रेघ कडेच्या उजेडात, म्हणून एकाच फोटोवरून अक्षरं वाचू नका.

मोबाइलवर त्रिमितीय नमुना करायचा असेल तर गणित उलटं. तिथे ढगाळ दिवसच हवा, कारण सरकणाऱ्या सावल्यांनी जुळणी बिघडते. छातीच्या उंचीवरून एक फेरी, हात वर करून दुसरी, गुडघ्याच्या उंचीवरून तिसरी. मिळून ६० ते १०० फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग यायला हवा. मोजपट्टी एकदा ठेवली की शेवटपर्यंत हलवू नका.

उंची, वर न चढता

पायरीवर चढून फीत वर ढकलू नका. ओलं दगडफूल शेवाळासारखं घसरतं आणि जुन्या पायऱ्या सुट्या असतात. दोन पद्धती पुरतात.

पहिली फोटोची. १ मीटरची पट्टी खांबाच्या अगदी शेजारी, त्याच प्रतलात उभी धरा. क्रूसाच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर जा, मोबाइल सरळ उभा धरा, आणि फोटोवर पट्टीशी क्रूसाचं प्रमाण काढा. चूक जवळजवळ नेहमी पट्टी पुढे ठेवल्याने होते. तुम्ही ६ मीटरवर आहात आणि पट्टी खांबाच्या १ मीटर पुढे, खालच्या पायरीपाशी उभी आहे, तर २.५ मीटरचा क्रूस २.०८ मीटरचा भरेल. मोबाइल वर कलवला तर खांब शेंड्याकडे अरुंद दिसतो आणि उंचीही फसते. मागे जाणं हाच उपाय.

दुसरी सावलीची, फक्त सपाट जमिनीवर. १ मीटरच्या काठीची सावली १.५ मीटर असेल आणि क्रूसाची ३.९ मीटर, तर उंची २.६ मीटर. दोन्ही सावल्या दोन-तीन मिनिटांच्या आत मोजा. क्रूसाची सावली चौथऱ्याच्या कडेपासून न मोजता शेंड्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून, म्हणजे चौथऱ्याच्या मध्यापासून मोजायची. चौथरा २ मीटर रुंद असेल आणि कडेपासून मोजलं तर १ मीटर सावली हरवते आणि उंची ६७ सेंटिमीटरने कमी येते.

खांब कललेला वाटला तर दोरीला ओळंबा बांधून खांबाशेजारी, त्याला न टेकवता, लटकवा आणि दोन काटकोनी दिशांनी फोटो घ्या. कल कोणत्या दिशेला, हे होकायंत्रावरून लिहा.

काय करायचं नाही

अक्षरं वाचण्यासाठी खडू, पीठ, पावडर, दाढीचा फेस, पाणी, व्हिनेगर, तारेचा ब्रश यांतलं काही म्हणजे काहीही वापरू नका. व्हिनेगरमधलं आम्ल चुनखडी विरघळवतं, पिठावर बुरशी धरते, ब्रशने दगडाची वरची कातडीच निघते आणि तिच्यासोबत छिन्नीच्या खुणा. दगडफूल खरवडू नका. ते वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने वाढतं आणि त्यांतल्या काही जाती तिकडे दुर्मीळ आहेत. कागद लावून पेन्सिलने ठसाही घ्यायचा नाही, सैल पापुद्रा त्या दाबानेच सुटतो. यातले अनेक क्रूस १९७९च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यांना इजा करणं गुन्हा आहे.

शिष्टाचार आपल्या देवळातलाच: रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी फीत घेऊन फिरू नका, अंत्यविधी चालू असेल तर परत जा, ताज्या थडग्यांवरून वाट काढू नका. कोणी विचारलं तर काय करता आहात ते मोकळेपणाने सांगा. गावकऱ्यांना आपल्या क्रूसाबद्दल बोलायला आवडतं, आणि जुनी छायाचित्रं कुणाच्या घरी आहेत हे त्यांनाच माहीत असतं.

नोंद

पहिला फोटो चर्चच्या नावाच्या पाटीचा. एकाच नावाची चर्चं गावोगाव असतात आणि दिवसाअखेर तीन ‘सेंट मेरी’ एकमेकांत मिसळतात. मग चर्चच्या पूर्वेच्या मोठ्या खिडकीसह एक दूरचा फोटो, म्हणजे दिशा आणि अंतर दोन्ही कळतं. चर्च पूर्व-पश्चिम बांधलेलं असतं, पण नेमकं पूर्वेला असेलच असं नाही, थोडं वळलेलं असू शकतं; क्रूसाच्या बाजूंना नावं होकायंत्राने द्या आणि तेच शेवटपर्यंत वापरा. त्यानंतर चारही बाजू पूर्ण, मग तपशील. वहीत गाव, परगणा, तारीख, वेळ, हवामान, दगडाचा रंग आणि कण, पायथ्यापासून प्रत्येक भागाची मापं, आणि प्रत्येक भागापुढे तीनपैकी एक शब्द: मूळ, बदललेला, संशयित.

घरी आल्यावर हिस्टॉरिक इंग्लंड या तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर वारसा यादीत गावाचं नाव टाकून शोधा. ती सर्वांना मोफत खुली आहे. संरक्षित क्रूसांच्या नोंदीत बहुधा मापंही दिलेली असतात. ती आधी पाहू नका. आधी आपली मापं पूर्ण करा, मग ताडून पाहा, नाहीतर फीत तुम्हाला हवं तेच दाखवू लागते. यादीतला क्रमांक वहीत उतरवा. त्या नोंदीला तुमचे फोटोही जोडता येतात, आणि जुन्या नोंदीत न दिसणारी एखादी बाजू तुम्ही टिपली असेल तर ते जरूर करा. नवी चीर, नुकती पडलेली कपची किंवा डुलणारा खांब दिसला तर त्याच दिवशी चर्चच्या सूचनाफलकावरच्या क्रमांकावर कळवा. फोटो पाठवताना मोजपट्टी, तारीख आणि बाजू सांगा, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला नेमकी जागा सापडेल.